गिटारीला दम

सर्जेराव बँडमास्तरांनी मानसिंगच्या गिटारीत दम नाही असा निकाल दिला, तेव्हा दम म्हणजे नेमके काय, हे मी त्यांना त्याच बैठकीत विचारले होते. हे आरंभीच नमूद करून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्याचे खापर बारामतीत बराच काळ माझ्या डोक्यावर फुटत राहिले. मी विचारले होते आणि त्यांनी उत्तरही दिले होते. ते म्हणाले, "दम म्हंजी दम, फोरमनसाहेब. आता त्यात काय सांगायचं?"

ही हकिकत एकोणीसशे सत्तावन्नच्या उन्हाळ्यातली. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मी वीज विभागाचा फोरमन होतो आणि लासुर्ण्याजवळच्या वसाहतीत राहत होतो. मूळचा मी पुण्याचा; शिक्षण मुंबईच्या तंत्रविद्यालयात झालेले. तिथे आम्हाला एक सवय लावली होती, की कुठलेही काम हाती घेण्याआधी ते काम काय आहे हे शब्दांत मांडता आले पाहिजे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत ही सवय उपयोगी पडल्याचा एकही प्रसंग मला आठवत नाही.

मानसिंग कळंबचा. आजोबांपर्यंत त्याच्या घरात मेंढरांचा वाडा होता. वडिलांनी कळप मोडला आणि कालव्याच्या पाण्यावर ऊस धरला. गाळप चालू असेपर्यंत मानसिंग आमच्या गव्हाणीवर, म्हणजे उसाच्या मोळ्या जिथे यंत्रात सोडतात तिथे काम करी. गाळप आटोपले की लग्नसराई लागे. मग तो बारामतीला सर्जेरावांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवी. बँडमध्ये गाणे असते ते क्लॅरिनेटच्या अंगावर. बाकीचे सगळे त्याच्यामागून चालतात. मानसिंग पुढे असला की वरातीतले म्हातारेसुद्धा पायांतल्या वहाणा काढून हातात घेतात आणि रेटून पुढे येतात, असे सर्जेराव स्वतः सांगत.

आदल्या पावसाळ्यात त्याच्या फुप्फुसात पाणी झाले. तो त्यातून उठला. पण फुंकायचे वाद्य यापुढे ओठाला लावायचे नाही, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. मोळ्या उचलणेही होईना, म्हणून मी त्याला माझ्या विभागात घेतले. तारा सोलणे, दिवे बदलणे अशी कामे तो मुकाट करी. त्याचे चित्त मात्र सर्जेरावांच्या बँडमध्ये होते. तिथे परत जायचे, एवढी एकच गोष्ट त्याला हवी होती. ढोल त्याला पेलवणार नव्हता, आणि झांजांना तो वाद्य मानत नव्हता.

अशात आमच्याकडचे एक पारशी रसायनतज्ज्ञ नोकरी सोडून निघाले आणि जाताना आपली हवाई गिटार त्याला देऊन गेले. ही गिटार मांडीवर आडवी ठेवतात आणि डाव्या हाताने तारांवरून पोलादी कांडी सरकवत वाजवतात. सिनेमाच्या गाण्यांत तिचे सूर त्या काळी फार ऐकू येत. मानसिंगचे कान तयार होते. गाळपाचा हंगाम संपेपर्यंत हातही तयार झाले. जुन्या मॅग्नेटोतले चुंबक आणि केसाएवढी बारीक तांब्याची तार वापरून मी तिला विजेची केली, म्हणजे तारांचे कंपन थेट अॅम्प्लिफायरमध्ये जाईल अशी सोय केली. हे काम मी केले आणि ते चांगले झाले होते. त्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती.

मग आम्ही बारामतीला सर्जेरावांच्या खोलीवर गेलो. भिंतीला टांगलेल्या पिपाण्यांखाली मानसिंग बसला आणि त्याने एकामागून एक गाणी वाजवली. सर्जेराव मिशीला पीळ देत ऐकत होते. शेवटी त्यांनी तो निकाल दिला. त्यांच्याकडे फलटणचा एक क्लॅरिनेटवाला येऊन गेला होता. वैशाखात कन्हेरीला महिपती माळ्याच्या घरी मुलाचे लग्न होते. तोपर्यंत गिटारीत दम आला तर मानसिंग, नाही तर फलटणचा माणूस, असे त्यांनी ठरवून टाकले. मी व्याख्या विचारली ती इथे, आणि मला जे मिळाले ते वर लिहिलेच आहे.

व्याख्या न मिळाल्यामुळे मला ती गृहीत धरावी लागली. ज्याच्यात दम आहे तो जोरकस असतो. म्हणून मी कारखान्याच्या भांडारातून मोठा अॅम्प्लिफायर मागून घेतला, त्याला लाउडस्पीकरचा कर्णा जोडला आणि पुन्हा बारामती गाठली. पहिल्याच सुराला समोरच्या शिंप्याने दुकानाची फळी लावून घेतली. सर्जेराव कानांवर हात ठेवून बसले होते. वाजवणे थांबल्यावर ते म्हणाले, "हा दम न्हवं साहेब, ही दमदाटी हाय."

मी शांतपणे त्यांना विचारले, की आवाज कमी आहे की जास्त आहे. ते म्हणाले, कमीजास्तीचा प्रश्नच नाही. मग प्रश्न कशाचा आहे, तर दमाचा. मी लासुर्ण्याच्या गाडीत बसलो तेव्हा माझ्या कपाळाची शीर उडत होती.

वाटेत मानसिंगने एक उपयुक्त गोष्ट सांगितली. सिनेमातली गिटार लांबून आल्यासारखी वाटते, त्याची मात्र कानाशी येऊन टोचते. यावर मी विचार केला. तार छेडली की सूर निर्माण होतो आणि लगेच विरतो. उघड्या मांडवात त्याला परतवायला भिंतीही नसतात. सिनेमाचे संगीत बंद दालनात, मुद्दाम प्रतिध्वनी मिसळून ध्वनिमुद्रित करतात, हे मी वाचले होते. तेव्हा दम म्हणजे सुराचा टिकाऊपणा, आणि तो आणायचा तर गिटारीला घुमारा दिला पाहिजे. तर्कात मला आजही चूक दिसत नाही. राहिला प्रश्न कोणता घुमारा द्यायचा, याचा.

गाळप संपले होते आणि मळीची एक लोखंडी टाकी रिकामी करून धुऊन ठेवली होती. मी तिच्या तळाशी स्पीकर ठेवला, वरच्या झाकणातून मायक्रोफोन सोडला आणि त्यात येणारा आवाज मूळ आवाजात मिसळून कर्ण्यावर काढला. मानसिंगने एक सूर काढला. तो टाकीत फिरत राहिला. दुसरा काढला, तो पहिल्याच्या पाठीवर बसला. तिसऱ्यानंतर कोणता सूर आधीचा आणि कोणता नंतरचा, हे सांगता येईना. पण ऐकायला भव्य वाटत होते, आणि कचेरीतले कारकून लेखण्या टाकून बाहेर आले.

सर्जेरावांना मी बोलावून घेतले. ते भर उन्हात आले, मळीच्या वासाने नाकाला उपरणे लावून उभे राहिले, आणि उपरण्यातूनच म्हणाले की नवरा-नवरीला गुहेत नेऊन बसवल्यासारखे वाटते. मी दमाचे विचारले. त्यांनी मान हलवली. "दम आणखी कमी झाला, साहेब. व्हता तेवढा बी गेला." वर त्यांनी विचारले, ही टाकी कन्हेरीला कशी नेणार.

टाकी न्यायची नव्हती. घुमाऱ्याची जात पारखायची होती, आणि तसे मी त्यांना तीन वेळा सांगितले होते. प्रयोगाच्या मांडणीला लोक विक्रीचा माल समजतात, ही माझ्या व्यवसायातली जुनी पीडा आहे.

टाकी लांबचा घुमारा देते, तेव्हा त्याहून आखूड हवा, असे अनुमान मी काढले. विहिरीत तो मिळेल असे वाटले. लग्न कन्हेरीला, तेव्हा विहीरही कन्हेरीचीच हवी. मी महिपतींना गाठले. हा साठीचा बागाईतदार माणूस, वांगी आणि पेरू बारामतीच्या बाजारात पाठवणारा, बोलायला मोकळा. मी त्यांना सरळ भाषेत विचारले की गावात चांगली घुमणारी विहीर कोणती. ते क्षणभरही अडले नाहीत. "आमचीच की. दिवसभर घुमती. तुमी या तर खरं."

मी माणसे, तारा, बॅटरी, स्पीकर, कर्णा असे सगळे बैलगाडीतून कन्हेरीला नेले. विहीर उत्तम होती. दगडी, खोल, पाणी तळाला गेलेले. स्पीकर आणि मायक्रोफोन दोरांनी आत सोडले. महिपतींची मंडळी ठमाबाई काठावर उभ्या राहून सांगत होत्या की पिण्याच्या पाण्यात ती पेटी पडली तर लग्नाचा सैपाक मी माझ्या घरून आणायचा आहे. मी कर्णा चालू केला. मानसिंगने कांडी तारेवर ठेवण्याआधीच साऱ्या कन्हेरीवर एक खोल, घोगरा आवाज पसरला. गुटर्रगूं, गुटर्रगूं. थांबून पुन्हा तेच. विहिरीच्या कपारींत पारव्यांची किती घरटी होती, हे मी मोजले नाही.

महिपती माझ्याकडे समाधानाने पाहत होते. मी घुमणारी विहीर मागितली होती. त्यांनी घुमणारी विहीर दाखवली होती. पारवे घुमतात, हे मराठीत बरोबरच आहे. त्यांना दोष देता येत नव्हता, आणि नेमके त्यामुळेच मला अधिक संताप आला. पारवे हाकलता येतील का, असे विचारल्यावर ते गंभीर झाले आणि म्हणाले की लग्नघरातून पाखरू हाकलत नसतात. सर्जेराव या वेळी आले नव्हते; पण कर्णा बारामतीच्या दिशेला होता, आणि बातमी माझ्या आधी पोचली.

परतताना मानसिंग गाडीच्या कडेला पाय सोडून बसला होता. त्याने मला विचारले की फलटणचा माणूस कसा वाजवतो, ते मी ऐकले आहे का. मी ऐकले नव्हते. तो म्हणाला, त्याने ऐकले आहे. चांगला वाजवतो. मग कळंबच्या फाट्यावर तो उतरून गेला.

तिसरा मार्ग मी आधीच योजून ठेवला होता. स्प्रिंगच्या एका टोकाला ध्वनीचे कंपन दिले, तर ते वेटोळ्यांतून धावत दुसऱ्या टोकाला जाते, तिथून परतते, पुन्हा जाते. कानाला तो घुमाराच वाटतो, आणि सगळी यंत्रणा हातभर लांबीच्या लाकडी पेटीत मावते. एका टोकाला मी टेलिफोनमध्ये कानाला लावायच्या भागातली चकती बसवली, दुसऱ्याला ग्रामोफोनमध्ये सुई धरणारा भाग. पहिल्यांदा सायकलच्या सीटची स्प्रिंग लावली. तिच्यातून गिटार आली ती फडताळातून भांडी पडल्यासारखी. तराजूच्या स्प्रिंगमधून बेडूक बोलू लागला. शेवटी मी लेथवर सळईभोवती बारीक पोलादी तार स्वतः गुंडाळून दोन लांब, मऊ स्प्रिंगा तयार केल्या, आणि त्या पेटीत ताणल्या. आवाज आला तेव्हा मानसिंगने मान वर करून माझ्याकडे पाहिले. सिनेमात असतो तोच घुमारा होता तो. पेटीला मी एक बटण ठेवले, म्हणजे तो हवा तेवढा मिसळता येईल.

पेटी घेऊन आम्ही बारामतीला गेलो. लग्न तोंडावर आले होते. मानसिंगने वाजवायला घेतले. एक गाणे संपून दुसरे कुठे सुरू झाले ते कळू न देता तो वाजवत राहिला. त्याचे डोळे मिटलेले होते. मी बटण आधी थोडे, मग मध्यम, मग पुरते फिरवून दाखवले. सर्जेराव प्रत्येक वेळी तसेच बसून होते. शेवटी त्यांनी खिशातून चंची काढली, पान लावायला घेतले आणि चुना बोटावर घेऊन म्हणाले, "दम न्हाय."

इथे माझा तोल गेला. मी त्यांना सांगितले, की जोर दिला तो दम नव्हे, टाकी दिली तो दम नव्हे, विहीर दिली तर पारवे निघाले, आता ही पेटी दिली आहे. तेव्हा दम या शब्दाचा अर्थ सांगितल्यावाचून मी या खोलीतून उठणार नाही, आणि मलाच उठवायचे असेल तर चार माणसे बोलवा. सर्जेरावांनाही राग आला. पान तसेच हातात राहिले.

"अहो, माणूस दम खातो का न्हाय? वाट चालताना खातो, मोट हाकताना खातो. ह्यो पठ्ठ्या बसल्यापासून एकदा तरी थांबला का? ऐकणाऱ्याचा जीव कोंडतोय हितं."

मी म्हणालो, दम खाणे ही एक गोष्ट आणि दम असणे ही दुसरी. तुम्ही गिटारीत दम नाही म्हणालात, गिटार दम खात नाही म्हणाला नाहीत. ते म्हणाले, जो दम घेत नाही त्याच्यात दम येईल कुठून, हे काय शिकवावे लागते. मी म्हणालो, होय, शिकवावे लागते. महिना दीड महिना मी टाक्या आणि विहिरी धुंडाळत होतो, त्याऐवजी ओळींच्या मध्ये थांबत जा, एवढे चार शब्द तुम्ही या मुलाला बोलला असता तर चालले असते. त्यावर ते म्हणाले, मानसिंग त्यांच्या हाताखाली नऊ लग्नसराया वाजवून गेलेला, त्याला ते थांबायला शिकवतील म्हणजे काय. त्याला काय ते कळत नाही?

तेव्हा आम्ही दोघेही त्याच्याकडे वळलो. मानसिंगने कांडी गिटारीवर आडवी ठेवली होती.

तो म्हणाला, "कळतंय की, मास्तर. पर दम घ्याया लागू नये म्हनून तर हे वाद्य धरलं मी."

मग तो खाली बघत हळूहळू सांगू लागला. दुखण्यानंतर प्रत्येक श्वास बरगडीत अडतो. चालताना, जेवताना, निजताना त्याचे लक्ष तिथेच असते. गिटार मांडीवर घेतल्यावर बोटे चालू असेपर्यंत छाती आहे याचाच त्याला विसर पडतो. थांबले की आठवते. म्हणून तो थांबत नव्हता.

या साऱ्या प्रकरणात कोणी केलेले हे पहिले स्पष्ट विधान होते.

सर्जेरावांनी त्याचे सांत्वन वगैरे केले नाही. पान तोंडात टाकले, कोपऱ्यातली आपली छडी घेतली, ज्या छडीने ते वरातीत बँड हाकत, आणि म्हणाले की तुझ्या छातीचे राहू दे, ही छडी वर गेली की हात उचलायचा, खाली आली की ठेवायचा. दम मी घेतो, तू वाजव.

मानसिंगने सुरुवात केली. एक ओळ झाली आणि छडी वर गेली. त्याचा हात उचलला गेला. त्या रिकाम्या जागेत माझ्या पेटीतला घुमारा पहिल्यांदाच ऐकू आला. आतापर्यंत तो पुढच्या सुरांखाली गाडला जात होता; टाकीत दम आणखी कमी झाला असे सर्जेराव म्हणाले होते, ते यामुळेच. मोकळी जागा मिळाल्यावर तो सूर खोलीभर पसरला. पण तो जरुरीपेक्षा लांब होता. छडी खाली आली, पुढची ओळ सुरू झाली, तरी मागची ओळ रेंगाळतच होती. आता मात्र मला काम काय आहे ते शब्दांत मांडता आले: घुमारा एका श्वासात विरला पाहिजे. मी पेटी उघडली. मानसिंगच्या खांद्यावर त्याचे घोंगडे होते. त्याची एक दशी कापून घेतली आणि स्प्रिंगांच्या मधोमध गुंतवली. लोकर कंपन शोषून घेते. आणखी एक दशी घातल्यावर घुमारा बरोबर छडीबरोबर खाली बसू लागला. सर्जेरावांनी त्यावर अभिप्राय दिला नाही. कन्हेरीला बघू, एवढेच म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच महिपतींच्या मांडवात कर्णा उंच बांधला, बॅटऱ्या भरून ठेवल्या, पेटी स्थिर टेबलावर पाणसळ लावून ठेवली. दुपार कलल्यावर सर्जेराव आपल्या माणसांसह लाल कोटांत आले आणि सरळ बाहेर जाऊन रांगेत उभे राहिले. नवरदेव सोपान घोड्यावर बसला होता. परण्या निघायचा होता. लग्नाआधी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या दर्शनाला जातो तो परण्या. मला हा प्रकार माहीत नव्हता असे नाही. पण मांडीवर गिटार घेणारा माणूस चालत्या बँडमध्ये कसा वाजवणार, हा विचार सर्जेरावांनी केला असेल असे मी धरून चाललो होतो. आणि तो मी केला असेल असे सर्जेराव धरून चालले होते. महिपतींना विचारले तर ते म्हणाले, बँड बसून वाजवतात हे त्यांनी आजवर ऐकले नाही.

शेवटी वांग्यांची गाडी रिकामी करून आणली. तिच्यावर मानसिंग, बॅटऱ्या, अॅम्प्लिफायर, कर्णा, पेटी आणि मी असे चढलो. गाडीच्या चाकांना लोखंडी धाव होती आणि रस्त्यात धोंडे होते. पहिल्या धोंड्याला चाक आपटले तसे पेटीतल्या स्प्रिंगा एकमेकींवर आदळल्या आणि कर्ण्यातून आभाळ फाटल्यासारखा गडगडाट झाला. बायकांनी वाळवणे उचलायला घरांकडे धाव घेतली. घोडा दोन पायांवर उभा राहिला. सोपानचा मुंडावळ्यांसकट तोल गेला आणि चार जणांनी त्याला सावरला. महिपतींनी मागे वळून माझ्याकडे जे पाहिले ते मी लिहीत नाही. मी घुमाऱ्याचे बटण पुरते बंद केले.

आता गिटार कोरडी वाजू लागली. सर्जेराव पुढे चालत छडी वर करीत, मानसिंग हात उचले, आणि त्या जागेत काहीच नसे. फक्त चाकांची खडखड आणि लोकांच्या गप्पा. ओळ सुरू होई, तुटे, पुन्हा सुरू होई. दोन पोरगे त्याच्याकडे बघून हसले. मानसिंगच्या कपाळावर घाम आला होता आणि त्याचा एक हात मधूनच बरगडीकडे जात होता. सर्जेरावांच्या उजव्या बाजूला एक परका माणूस काखेत क्लॅरिनेटची पेटी घेऊन चालताना मला दिसला. तो कोण हे मानसिंगला सांगण्याची गरज नव्हती.

गाडी उभी असेल तर पेटी वाजते, चालती असेल तर वाजत नाही, इतके साधे गणित होते. पण ते सर्जेरावांपर्यंत पोचवायचे कसे? मी हाक मारली, ढोलात बुडाली. उपरणे हलवले, तर त्यांना वाटले मी खुशीत आहे. मी गाडीवाल्याला म्हणालो, गाडी थांबव. तो म्हणाला, पुढचा बँड थांबल्याबिगर गाडी थांबत नाही, मागे घोडा आहे.

चिंचेच्या झाडापाशी रस्ता वळतो. तिथे ना देऊळ, ना पार. सर्जेराव तिथे उभे राहिले. त्यांनी छडी वर केली आणि ती वरच धरून ठेवली. ढोल बंद झाला. सारा परण्या जागच्या जागी एकमेकांवर आपटून थांबला. महिपतींचे थोरले भाऊ रावजी पुढे धावले. मुहूर्त जवळ आला आहे, इथे कुठला देव आहे, असे त्यांनी विचारले. सर्जेरावांनी त्यांच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते गाडीतल्या पेटीकडे पाहत होते. मी बटण फिरवले. छडी खाली आली.

मानसिंगने संथ लयीत एक ओळ वाजवली. छडी वर गेली, त्याने हात उचलला, आणि तो शेवटचा सूर चिंचेखालून, घोड्यावरून, माळवदांवर बसलेल्या बायकांवरून पसरत गेला आणि छडी खाली येता येता विरला. छातीकडे गेलेला त्याचा हात परत तारेवर आला. दुसरी ओळ. या वेळी छडी वर जायच्या आधीच तो थांबला. तिसऱ्या ओळीला सर्जेरावांनी छडी काखेत मारली आणि नुसते ऐकत उभे राहिले. मागून कोणी तरी म्हणाले, आणखी एकदा होऊ द्या.

त्यानंतर सर्जेराव प्रत्येक वळणावर थांबले. कन्हेरीत इतकी वळणे आहेत, हे गावकऱ्यांनाही त्या दिवशीच कळले असावे. नवरदेव मारुतीला पोचेपर्यंत ऊन उतरले. मांडवात भटजी तीनदा उठून रस्त्याकडे पाहून आले, आणि अक्षता पडल्या त्या मुहूर्त संपता संपता. महिपतींनी जेवणाच्या पंगतीत सर्वांदेखत मला सांगितले की पारवे परवडले.

जेवणे झाल्यावर मी गाडीतून पेटी उतरवत होतो. मानसिंग तारा गुंडाळत होता. फलटणचा माणूस दिसत नव्हता. सर्जेराव आले, पेटीवर बोटाने टिचकी मारून पाहिली, आणि सांगू लागले की पुढची सुपारी इंदापूरची आहे, तिथला रस्ता खडीचा, लोखंडी धावेची गाडी उपयोगाची नाही, टायरची बघावी लागेल. मग मानसिंगला म्हणाले, त्या शिंप्याकडे जाऊन माप दे, गाडीवर उंच बसणार, कोट नीट दिसला पाहिजे.

मानसिंग तारा गुंडाळत राहिला. मी मात्र या वेळी कोणतीही गोष्ट गृहीत धरणार नव्हतो. मी सर्जेरावांना विचारले, मानसिंगला त्यांनी बँडमध्ये घेतले असा याचा अर्थ घ्यायचा का, आणि तसे असेल तर तसे स्पष्ट सांगावे.

त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला त्यांच्या चेहऱ्यावर माझ्यासारखाच वैताग दिसला.

"टायरची गाडी काय मला बसाया बघतोय व्हय, साहेब?"

मानसिंग तार गुंडाळायची सोडून तिथेच गाडीच्या साटीवर बसला. त्याने डोळे मिटले आणि एक लांब श्वास घेतला. मध्ये अडला तसा थांबला, आणि मग पुरता घेतला.